मंजूर यंत्राला पुन्हा मंजुरी कशासाठी?

अमेरिकेत एखादं वैद्यकीय उपकरण बाजारात आणायचं तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, परवानगी लागते. ती मिळवताना कंपन्यांच्या नाकीनऊ येतात. एवढं करून तेच उपकरण लष्कराच्या इस्पितळात किंवा माजी सैनिकांच्या दवाखान्यात लावायचं म्हटलं, की पुन्हा नवी फाइल, नवी तपासणी, नव्या सह्या. कधीकधी त्यात वर्ष उलटतं. मग सामान्य माणूस विचारतो, आणि त्याचं चुकत नाही: एकाच सरकारच्या एका खात्यानं मंजूर केलेलं यंत्र दुसऱ्या खात्याला का चालत नाही? हा निव्वळ लाल फितीचा कारभार आहे, की त्यात काही अर्थ आहे?

थोडी लाल फीत आहे, हे आधीच मान्य करून टाकू. पण बराचसा अर्थही आहे.

१. मॉडेलची चाचणी आणि गाडीचं पासिंग

पुण्यात वेताळ टेकडीच्या बाजूला एआरएआय ही संस्था आहे. वाहन कंपनीनं नवं मॉडेल काढलं की त्याची चाचणी तिथं होते. मॉडेल पास झालं की कंपनी तशा हजारो गाड्या विकायला मोकळी. पण त्यातला एखादा ट्रक तुम्ही घेतलात आणि धंद्याला लावलात, तर आरटीओत त्याचं पासिंग करावं लागतं. ते त्या एका ट्रकचं असतं आणि त्याला मुदत असते. मुदत संपली की ट्रक पुन्हा दाखवायचा. ‘माझं मॉडेल एआरएआयनं पास केलंय’ असं इन्स्पेक्टरला सांगून उपयोग नसतो.

एफडीएची परवानगी ही मॉडेलची. हे उपकरण ज्या कामासाठी बनवलं ते काम ते नीट आणि धोका न करता करतं का, एवढं ती पाहते. सरकारी इस्पितळाची परवानगी पासिंगसारखी. हे उपकरण आमच्या नेटवर्कमध्ये, आमच्या बाकीच्या यंत्रांच्या शेजारी, आमच्या माणसांच्या हाती चाललं तर काय होईल, हा तिचा प्रश्न. अमेरिकी सरकारी भाषेत तिला ‘ऑथोरायझेशन टू ऑपरेट’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसतं एटीओ.

२. एफडीए काय विचारते?

बरीच वर्षं एफडीएचा सायबर सुरक्षेवरचा भर सल्ला देण्यावर होता. मार्गदर्शक सूचना निघत, कंपन्या त्या कमी-अधिक पाळत. एक प्रकरण मात्र सल्ल्यावर भागण्यासारखं नव्हतं. रुग्णाच्या शिरेत ठरलेल्या वेगानं औषध सोडणाऱ्या यंत्राला इन्फ्युजन पंप म्हणतात. हॉस्पिरा कंपनीच्या ‘सिम्बिक’ नावाच्या पंपात इस्पितळाच्या नेटवर्कमधून दुरून शिरता येतं आणि औषधाचं प्रमाण बदलता येतं, असं संशोधकांनी आणि कंपनीनंही दाखवून दिलं. 31 जुलै 2015 रोजी एफडीएनं इस्पितळांना सांगितलं, की हे पंप वापरणं थांबवा आणि दुसऱ्या पंपांकडे वळा. प्रत्यक्ष कुणा रुग्णाला अपाय झाल्याची नोंद नव्हती. तरीही केवळ सायबर धोक्यापायी एखादं यंत्र बाजूला ठेवायला एफडीएनं सांगण्याची ही पहिलीच वेळ.

त्या सूचनेतला तपशील वाचण्यासारखा आहे. पंप नेटवर्कपासून तोडा, म्हणजे औषधांच्या मात्रांची यादी प्रत्येक पंपावर हातानं भरावी लागेल. न लागणारी ‘पोर्ट’ म्हणजे नेटवर्कवरची दारं बंद करा, त्यातही 20 आणि 23 क्रमांकाची. 8443 क्रमांकाच्या दारावरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. ज्या यंत्रावर माणसाचा जीव टांगलेला, त्याचा पासवर्ड कारखान्यात ठरलेला होता आणि तो बदलायची आठवण सरकारला करून द्यावी लागली.

पुढे कायदाच बदलला. 29 डिसेंबर 2022 रोजी मंजूर झालेल्या अर्थसंकल्पी कायद्यात अन्न-औषध कायद्याला 524 ब हे कलम जोडलं गेलं आणि 29 मार्च 2023 पासून ते लागू झालं. ज्या उपकरणात सॉफ्टवेअर आहे, जे इंटरनेटला जोडलं जाऊ शकतं आणि ज्यात शिरकाव होऊ शकतो, त्याच्या कंपनीला आता तीन गोष्टी अर्जासोबतच द्याव्या लागतात. विक्रीनंतर सापडणाऱ्या त्रुटींवर नजर कशी ठेवणार आणि त्या कशा बुजवणार याची योजना. उपकरण सुरक्षित राहील अशा पद्धतीनं घडवल्याचा आणि त्याला वेळेवर अपडेट देण्याची सोय असल्याचा पुरावा. आणि आतल्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या सुट्या भागांची यादी. 1 ऑक्टोबर 2023 नंतर हे कागद नसतील तर एफडीए अर्ज वाचायला न घेताच परत पाठवू शकते.

यादीचं महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. कुठलंही सॉफ्टवेअर एका कंपनीनं पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेलं नसतं. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे त्यात बसवलेले असतात. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉगफोरजे’ नावाच्या अशाच एका तुकड्यात मोठं भगदाड सापडलं. हा तुकडा फुकट मिळणारा, नोंदी ठेवायच्या कामाचा, म्हणून जगभर असंख्य प्रणालींत बसवलेला. त्या आठवड्यात इस्पितळांच्या संगणक विभागांपुढे एकच प्रश्न होता: आमच्या कुठल्या यंत्रात तो आहे? ज्यांच्याकडे सुट्या भागांची यादी होती त्यांनी ती चाळली. बाकीच्यांना एकेका कंपनीला पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागली.

३. सही कोणाची?

आता सरकारी इस्पितळाच्या दाराशी येऊ. अमेरिकेतल्या केंद्र सरकारच्या खात्यांना 2002 चा माहिती सुरक्षा कायदा लागू आहे. 2014 मध्ये तो सुधारला गेला. सरकारी कामासाठी चालणाऱ्या प्रत्येक माहिती प्रणालीचा धोका मोजायचा, तो कमी करायचा आणि उरलेल्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायची, अशी त्याची चाकोरी. संरक्षण खातं यालाच जोखीम व्यवस्थापनाची चौकट म्हणतं. 2014 मध्ये तिथं ही पद्धत आली.

पहिली पायरी वर्गवारीची. यंत्राबद्दल तीन प्रश्न विचारायचे: यातली माहिती फुटली तर? कुणी ती बदलली तर? यंत्र बंद पडलं तर? प्रत्येक उत्तराला कमी, मध्यम किंवा गंभीर अशी खूण करायची.

आपला इन्फ्युजन पंप घेऊ. त्यातून रुग्णाचं नाव आणि औषध बाहेर गेलं तर वाईट, पण त्यानं जीव जाणार नाही, मध्यम. ताशी 10 मिलिलिटरच्या जागी कुणी 100 करून ठेवलं तर रुग्ण दगावू शकतो, गंभीर. रक्तदाब धरून ठेवणारं औषध चालू असताना पंप बंद पडला तरी तेच, गंभीर. आता त्याच मजल्यावरचा, बाहेर बसलेल्यांना टोकन नंबर दाखवणारा पडदा घ्या. तिन्ही खुणा कमी. कुणी त्यावर चुकीचे आकडे टाकले तर रांगेत भांडण होईल, एवढंच. नागरी खात्यांत तिन्हींपैकी सर्वांत वरची खूण संपूर्ण प्रणालीला लागते. संरक्षण खातं तिन्ही खुणा वेगवेगळ्या सांभाळतं.

या खुणांवरून नियम निवडले जातात. त्यांचं मूळ भांडार म्हणजे निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचा 800-53 क्रमांकाचा ग्रंथ. त्यात पोटनियमांसकट हजाराहून अधिक नियम आहेत. ते सगळे एका पंपाला लागत नाहीत. गंभीर वर्गाला लागणारेसुद्धा काही शेकड्यांत जातात.

मग तपासणी होते आणि काही त्रुटी उरतातच. त्यांची एक वही असते: त्रुटी कोणती, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत, तोवर काय खबरदारी. उदाहरणार्थ: ‘पंपांच्या सर्व्हरवर डेटाबेसची जुनी आवृत्ती आहे. कंपनी सहा महिन्यांत नवी देईल. तोवर या सर्व्हरला इंटरनेट मिळणार नाही.’

ही वही एका अधिकाऱ्यापुढे जाते आणि तो सही करतो किंवा करत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कणा हा माणूस आहे. तो सरकारी अधिकारीच असावा लागतो. ही सही कंत्राटदाराला करता येत नाही. ‘हे यंत्र सुरक्षित आहे’ असं त्याच्या सहीचा कागद कुठंही म्हणत नाही. त्यावर असतं ते एवढंच: इतका धोका शिल्लक आहे, तो मला माहीत आहे, आणि या कामासाठी मी तो पत्करतो. आपल्याकडच्या ‘समितीने सर्वानुमते ठरवले’ या पद्धतीत उद्या काही घडलं तर कुणाला धरायचं हे कळत नाही. इथं कागदावर नाव असतं. परवानगी अटींवर देता येते, फक्त चाचणीपुरती देता येते, आणि नाकारताही येते. पूर्ण परवानगीलाही बहुधा तीन वर्षांची मुदत घालतात. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

४. नियम ऑफिसचे, यंत्र आयसीयूतलं

या चौकटीतली सगळ्यात अवघड जागा ही. नियम लिहिले गेले ते ऑफिसातल्या संगणकांसाठी, आणि लावायचे आहेत रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राला.

संरक्षण खात्याच्या संगणकांवर तीनदा पासवर्ड चुकला की त्या माणसाचं लॉगिन पंधरा मिनिटं बंद होतं. पंधरा मिनिटं हात लागला नाही की पडदा कुलूपबंद होतो. कारकुनाच्या टेबलावर दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत. आता आयसीयूतला हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर डोळ्यांपुढे आणा. त्याला तासन्‌तास कुणी हात लावत नाही, कारण त्याच्याकडे फक्त बघायचं असतं. तो कुलूपबंद झाला तर? रुग्ण कोसळला, हातमोजे घातलेल्या सिस्टरचा पासवर्ड घाईत तीनदा चुकला, आणि यंत्र म्हणालं, पंधरा मिनिटांनी या?

म्हणून अशा जागी नियम शब्दशः लावत नाहीत. त्याला पर्यायी बंदोबस्त शोधतात. पडदा उघडा राहू दे, पण ती खोली कुलपाची असेल आणि मॉनिटरवरून जुने रिपोर्ट उघडता येणार नाहीत. हा पर्याय का चालेल हे लिहून द्यावं लागतं आणि वर सांगितलेल्या अधिकाऱ्याला तो पटावा लागतो. इस्पितळातल्या नेटवर्कसाठी 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघालं, 80001 क्रमांकाचं. त्यानं हाच क्रम सांगितला: आधी रुग्णाची सुरक्षितता, मग उपचाराचं काम नीट होणं, मग माहिती आणि प्रणालीची सुरक्षा.

अँटीव्हायरसचंही तेच. एप्रिल 2010 मध्ये मॅकफी कंपनीच्या अँटीव्हायरसचं एक अपडेट चुकलं आणि त्यानं विंडोजची स्वतःचीच एक आवश्यक फाइल विषाणू समजून उचलून बाजूला टाकली. असंख्य संगणक बंद पडले. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या काही इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. 2016 मधली एक घटना याहून बारीक आहे आणि मला जास्त बोलकी वाटते. एका इस्पितळात हृदयात नळी घालून तपासणी चालू होती. रुग्ण गुंगीत. मध्येच मॉनिटरचा पडदा काळा पडला. संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत सुमारे पाच मिनिटं डॉक्टर थांबून राहिले. तपासणी पुढे सुखरूप पार पडली. कारण शोधलं तेव्हा निघालं, की अँटीव्हायरस दर तासाला सगळ्या फाइली तपासायला लावलेला होता आणि नेमकी तीच वेळ होती. कोणत्या फाइलींना अँटीव्हायरसनं हात लावू नये, हे कंपनीनं सूचनापत्रात लिहिलेलं होतं. ते कुणी पाळलं नव्हतं.

सुरक्षेच्या नियमानं रुग्ण अडचणीत आणू नये, हाही सुरक्षेचाच नियम आहे. तो कुठल्याही यादीत ठळक अक्षरांत छापलेला नसतो, म्हणून बायोमेडिकल इंजिनिअर आणि वॉर्डातली सिस्टर या दोघांना विचारल्याशिवाय अशी परवानगी देऊ नये.

५. भिंत

काही यंत्रं अशी असतात की त्यांना सुधारता येत नाही आणि फेकताही येत नाही. कोट्यवधींचं एमआरआय यंत्र उत्तम चालतं, पण त्याच्या आतल्या संगणकावरची विंडोज कालबाह्य झालेली असते. काय करायचं? त्याच्याभोवती भिंत घालायची.

हे काम अमेरिकेतल्या माजी सैनिक खात्यानं मोठ्या प्रमाणावर केलं. या खात्याची सुमारे 170 इस्पितळं आहेत आणि दवाखाने हजारावर. 2010 मध्ये खात्याच्या माहिती प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की आधीच्या 14 महिन्यांत 122 वैद्यकीय उपकरणांत विषाणू शिरले. त्याच वर्षी जानेवारीत न्यू जर्सीतल्या त्यांच्या एका केंद्रात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याची खोली याच कारणानं काही काळ बंद ठेवावी लागली होती. विषाणू कुणी मुद्दाम त्या यंत्रांवर सोडलेले नव्हते. साधे, गल्लीबोळातले विषाणू; दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या पेनड्राइव्हमधूनही येतात तसले.

मग खात्यानं आपली पन्नास हजारांवर जोडलेली उपकरणं नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यांत हलवायला घेतली. एका कप्प्यातलं यंत्र फक्त नेमून दिलेल्या सर्व्हरशी, नेमून दिलेल्या दारानंच बोलू शकतं. एक्स-रे यंत्राला फोटो साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलायचं काम आहे. त्याला ई-मेलशी किंवा बाहेरच्या इंटरनेटशी काय देणंघेणं? खरेदीपूर्वीच एक फॉर्म भरावा लागतो आणि यंत्र कुणाकुणाशी बोलणार हे त्यात आधी लिहावं लागतं.

या भिंतीची गरज एफडीएच्या परवानगीनं संपत नाही, हे जानेवारी 2025 मध्ये पुन्हा दिसलं. कॉन्टेक या चिनी कंपनीच्या सीएमएस 8000 नावाच्या मॉनिटरमध्ये एक ठरावीक इंटरनेट पत्ता कायमचा लिहून ठेवलेला आढळला. यंत्र सुरू झालं की रुग्णाची माहिती त्या पत्त्यावर पाठवू पाहत होतं, आणि तो पत्ता कंपनीचाही नव्हता, एका विद्यापीठाचा होता. हा डाव होता की निव्वळ ढिसाळ काम, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. पण ज्या इस्पितळात मॉनिटर बंद कप्प्यात होता तिथं हा वाद महत्त्वाचाच नव्हता. माहितीला बाहेर जायला रस्ताच नव्हता.

६. ‘आम्हाला अपडेट टाकता येत नाही’

कंपन्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं एक वाक्य होतं: उपकरणाला एफडीएची मान्यता आहे, त्यामुळे सुरक्षेचं अपडेट टाकलं तर ती पुन्हा घ्यावी लागेल. हे खरं नव्हतं. नेहमीच्या सुरक्षा अपडेटसाठी बहुधा नव्यानं मंजुरी लागत नाही, असं एफडीएनं 2005 मध्येच लेखी सांगितलं होतं. तरी ही सबब चालली, कारण अपडेट तपासून पाहायला खर्च येतो आणि तो टाळायला कारण हवं होतं.

त्याची किंमत काय, हे 12 मे 2017 रोजी इंग्लंडमध्ये दिसलं. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू सरकारी आरोग्यसेवेत घुसला. इंग्लंडच्या 236 आरोग्य ट्रस्टपैकी किमान 80 ट्रस्टचं काम विस्कळीत झालं, रोगनिदानाची 1,220 यंत्रं बाधित झाली, आणि एकूण 19,000 च्या आसपास भेटी रद्द झाल्या असाव्यात असा त्या आरोग्यसेवेचाच अंदाज आहे. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं.

७. आपल्याकडे

1 एप्रिल 2020 पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणं, सॉफ्टवेअरसकट, कायद्यानं ‘औषध’ ठरली. 2017 च्या नियमांनुसार त्यांचे धोक्यानुसार चार वर्ग आहेत. खालच्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं औषध प्रशासन देतं, वरच्या दोन वर्गांचा केंद्र. म्हणजे मॉडेलची चाचणी आपल्याकडे आहे.

पासिंगचं काय? 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं कितीतरी दिवस हातानं करावी लागली. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारनंच संसदेत दिलं. हा हल्ला सर्व्हरवर होता, पंप किंवा मॉनिटरवर नव्हता. पण ज्या नेटवर्कला कप्पे नाहीत त्यात सर्व्हर आणि मॉनिटर एकाच खोलीत राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांच्या यादीबद्दल सरकारी संस्थांसाठी सूचना काढल्या, ही चांगली सुरुवात आहे. सरकारी संकेतस्थळ सुरू करण्याआधी सुरक्षा ऑडिट करून घ्यायची पद्धत रुळलेली आहे. वॉर्डात लागणाऱ्या यंत्राला तीच शिस्त लावायला हवी.

वाचकांपैकी कुणी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा पालिका इस्पितळाच्या खरेदी समितीवर असेल, तर त्यांना एक विनंती. उपकरण कंपनीनं स्वतःच्या यंत्राच्या सुरक्षेबद्दल भरून द्यायचा एक छापील फॉर्म असतो. त्याला एमडीएस-टू म्हणतात. त्यात दोनशेहून अधिक प्रश्न आहेत: पासवर्ड बदलता येतो का, अपडेट कोण टाकणार, यंत्र नेटवर्कवर कुणाशी बोलतं. कोरा फॉर्म फुकट मिळतो, आणि अमेरिकेत माल विकणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे भरलेला तयारच असतो. पुढच्या निविदेत तो मागा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.